शेवटचा रकाना

माधवी: बंद कर तो लॅपटॉप! ड्राफ्टची तिसरी फेरी सुरू झाली. आता तुझी टीम खेळाडू निवडणार!

स्वानंद: आज ती माझी टीम नाही. आपलाच पोरगा यादीत आहे म्हणून मला घरी बसवलंय.

माधवी: पण कॉलेजच्या सगळ्या पोरांना मार्क तूच दिलेस ना? मग सांग, आरवला घेतील? इथेच घराजवळ, बर्नाबीत राहील, डबा तरी पोचवता येईल. आईचा दोनदा मेसेज आला. चेंडू हातात घेऊन पळायचा हा फुटबॉल, पण तिला अजून वाटतं, पायाने खेळतात.

स्वानंद: अगं, सांगता आलं असतं तर काय हवं होतं! गेल्या वर्षी माझ्या यादीतला एक नंबरचा खेळाडू दोन महिन्यांत घरी परतला. ज्याला आम्ही विचारलंही नाही, तो आता टीव्हीवर जाहिराती करतो. कोण किती पळतो ते मोजता येतं. दीडशे किलोचा गडी अंगावर येताना चेंडूवरची नजर हलत नाही, ते कसं मोजू?

माधवी: आरवची नाही हलत. मीच डोळे मिटून घेते.

स्वानंद: म्हणून तर यादीतला शेवटचा रकाना मी हाताने भरतो. दबावात कसा खेळतो, दहापैकी.

माधवी: त्याला किती दिलेस?

स्वानंद: पाच.

माधवी: पाच!

स्वानंद: आधी नऊ लिहिले होते. मग वाटलं, ऑफिसात म्हणतील, बापाने वशिला लावला. आमचे बाबा मास्तर. माझा पेपर तपासताना दोन मार्क असेच कापायचे.

माधवी: त्यांनी दोन कापले, तू चार कापलेस! थांब, नाव घेतायत... गेलं. दुसऱ्याच कोणाला तरी घेतलं. आता त्याला काय सांगायचं?

स्वानंद: मी सांगतो.

(आतल्या खोलीत फोन वाजतो. जरा वेळाने आरव धावत बाहेर येतो.)

आरव: आई! बाबा! रेजायना! दे पिक्ड मी!

माधवी: अगं बाई! रेजायनाच्या टीमने? खरंच? बघ, टीव्हीवर आलं! आपलं सहस्रबुद्धे म्हणताना बोबडी वळली त्या मेल्या निवेदकाची! एवढं नाव जर्सीवर मावेल का रे?

आरव: देअर कोच सेड, नथिंग स्केअर्स मी!

स्वानंद: आरव, एक सांगायचंय. आमच्या यादीत तू खाली गेलास तो माझ्यामुळे. दबावात कसा खेळतो, त्याचे मी तुला दहापैकी पाच दिले.

आरव: फाइव्ह? बट यू केम टू एव्हरी गेम, बाबा. पावसात पण. फाइव्ह?

स्वानंद: लोकांना घाबरलो रे. चुकलं माझं.

आरव: सो व्हॉट्स द रिअल नंबर?

स्वानंद: आता कसला नंबर. ये इकडे.