पट्टीची बाटली

(१९४६, माघ महिना. कशेळ्याचा दवाखाना, सकाळची वेळ.)

मैना : …औषध चालूच हाय की, डॉक्टर! तीन दिस झालं. तुमचंच हाय. अंबामावशीनं तुमच्याकडनं आणून दिलं, ही बघा बाटली, खाचांची पट्टी लावलेली.

डॉक्टर : जरा गप्प बसा, श्वास मोजतोय… छप्पन्न. तीन वर्षांच्या पोराला हे फार झालं. सदरा वर करा त्याचा. दिसतंय? दर श्वासाला बरगडीखाली खड्डा पडतोय.

मैना : डबा झालाय का ओ माझ्या हिरूला?

डॉक्टर : तुम्ही डबा म्हणता तोच. छाती भरली आहे. खोकला कधीपासून?

मैना : आठ दिस. आधी नुस्ता शेंबूड नि खोकला. ताप चार दिसांपासनं. कालपासनं पेजंला तोंड लावत नाय.

अंबाबाई : डॉक्टर, पोराला काय द्यायचं ते द्या आधी. बाटलीचं मागनं बोला.

डॉक्टर : तुम्ही कोण?

अंबाबाई : मी कोण! तीस वर्सं झाली, इथपासनं पार कर्जतपर्यंत लोकांचा खोकला मी काढला. तुमी दोन वर्सांमागं आलात, आनि मला इचारता कोण! अंबाबाई म्हनतात मला.

डॉक्टर : बरं अंबाबाई, रागावू नका. पण आधी बाटलीचंच विचारायला हवं. अशा पोराला मी बाटलीबरोबर सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या देतो. मैना, गोळ्या दिल्या?

मैना : मावशी म्हनली, बाटलीतच समदं हाय.

डॉक्टर : आमचा कंपाउंडर पदू कधी कधी गोळी कुटून औषधातच घालतो. आज नेमका तो कर्जतला गेलाय. तसं असेल, तर तीन दिवस गोळी पोटात जाऊनही उतार नाही. मग इथे माझ्या हातात काही उरत नाही. बैलगाडीनं नेरळ, तिथून आगगाडीनं कल्याणचा मोठा दवाखाना.

मैना : या गारठ्यात? पोचंल का ओ तिथवर?

डॉक्टर : खरं सांगू? सांगता येत नाही.

मैना : मावशे, तू बोल की गं! तुझ्या म्होरंच भरली ना बाटली?

डॉक्टर : गोळी होती की नव्हती, अंबाबाई? नव्हती, तर आत्ता इथेच सुरू करतो. होती, तर गाडी जुंपायला सांगतो. मला एवढंच सांगा.

अंबाबाई : नव्हती.

डॉक्टर : नक्की?

अंबाबाई : माझ्याच चुलीवरचा काढा हाय तो. अडुळसा, ज्येष्ठमध, आलं. तुमच्या दवाखान्याची पायरी मी आज पयल्यांदा चढले.

मैना : मग ही पट्टी?

अंबाबाई : मीच कापली. विळीवर. नि भाताच्या खळीनं डकवली.

मैना : अगं ए! माझा घरधनी गाडी जुंपत होता त्या दिशी! तू म्हनालीस, कशाला बैलांना तरास, मी जाऊनच आले. म्हनून थांबलो आमी! तीन दिस थांबलो!

डॉक्टर : मैना, भांडण नंतर. हा मध, ही गोळीची पूड. चाटवा. शाब्बास. वर पाणी पाजा, भरपूर. ही गोळी पाण्याशिवाय मूत्रपिंडाला त्रास देते. दर चार तासांनी द्यायची, झोपला असला तरी उठवून. आज त्याला इथेच ठेवू.

मैना : हिला भाईर काढा आधी. माझ्या पोराला हात लावू नको तू.

अंबाबाई : नाय लावत. पन ऐकून घे. माझ्या पोटात दुखत होतं गं. दोन वर्सं दुखतंय. माझ्या दारावरनं लोक जायचे, हातात रिकामी बाटली घेऊन, आनि येताना पदराखाली झाकून आणायचे. मी इचारलं तर म्हनायचे, बाजाराला गेलतो. ज्यांची बाळंतपणं मी केली, ती मानसं! एकीच्या घरात बघितली मी ती बाटली, देवाच्या फळीवर ठेवलेली. लाल पाणी, आनि त्याला कागदाची खाचाखाचांची पट्टी. एका येळेला एक खाच. येवढंच ना? म्हनलं, पट्टी तर मीबी लावीन. लावली, तर तोच काढा लोक मागून न्यायला लागले.

डॉक्टर : माझा म्हणून.

अंबाबाई : तुमचा म्हनून.

डॉक्टर : बघू ती बाटली… हं. मधही आहे यात. चांगला आहे काढा.

अंबाबाई : गोड बोलू नका.

डॉक्टर : गोड नाही बोलत. माझ्या लाल औषधात याहून मोठं काही नसतं. साधा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपला आपण जातो. घसा मऊ ठेवायचा, बस. पण लोक चार कोस चालून येतात, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवू? म्हणून देतो बाटली.

अंबाबाई : म्हंजे तुमच्या बाटलीनंबी खोकला जात नाय? मग मी दोन वर्सं जळले कशावर?

डॉक्टर : पट्टीवर. आता एक विचारतो. बरगडी ओढली जाते, पोरगं धापा टाकतं, हे तुम्हाला कळत नाही?

अंबाबाई : न कळायला काय झालं! तुमी घड्याळ लावून बघता, मी पोटावर हात ठेवून बघते. परवाच कळलं.

मैना : परवा!

अंबाबाई : परवा. याआधी मीच पोरं कर्जतच्या दवाखान्यात धाडलीत गं, गाडीत बसवून. या येळी धाडवंना. म्हनलं, कशेळ्याला गेला नि बरा झाला, तर गावभर डॉक्टरचंच नाव. आनखी एक खाच देऊ. माझ्याच हातानं उतरू दे. आज सकाळी पोराच्या नाकपुड्या फुलताना बघितल्या, आनि मीच तुला म्हनलं ना, चल म्हनून?

मैना : तू म्हनलीस. पन किती उशिरा म्हनलीस, मावशे.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी.)

डॉक्टर : अडतीस श्वास. खड्डाही कमी झालाय. अजून पाच दिवस गोळ्या चालू ठेवायच्या, बरा दिसला तरी. पेज घेतली का?

मैना : वाटीभर घेतली, आनि वर मीठ मागितलं! डॉक्टर, तुमचे पाय धरते मी.

अंबाबाई : धर, धर. माझे कुनी धरले नाय कधी.

डॉक्टर : अजून दुखतंय पोटात?

अंबाबाई : दुखतंय. खोटं कशाला बोलू? पोरगं वाचलं म्हनून काल सांजंपासनं देवाला हात जोडते, आनि तुमची ती पांढरी गोळी दिसली की आंग जळतं. दोन्ही खरं हाय.

डॉक्टर : जळा खुशाल. पण अशा पट्टीच्या बाटल्या किती घरांत आहेत?

अंबाबाई : सात.

डॉक्टर : सातही घरी सांगायला हवं. काढा राहू द्या, साध्या खोकल्याला चालेल. पट्टी फाडून टाका, आणि काढा कुणाचा ते सांगा.

मैना : मी सांगते लोकांना. हिचं आता कोन ऐकंल?

अंबाबाई : नको. डकवली मी, तर सांगायचंबी मीच. शिव्या घालतील, घालू देत. काठी दे गं माझी.

डॉक्टर : आत्ता? ऊन तर उतरू द्या. जरा बसा, चार घास खा.

अंबाबाई : शेजारच्या पोशाची पोर परवापासनं खोकतीय, डॉक्टर. आनि तिची आई निवांत हाय. घरात पट्टीची बाटली हाय म्हनून.