बोल ना, मेघा

तुम्ही हसाल, पण मी धावताना गाणी नाही, लेकीची भाषणं ऐकते. मेघा अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएच.डी. करते. एआय आल्यावर आपल्या सातिवलीतल्यासारख्या छोट्या कारखान्यांत पगाराचं काय होईल, हा तिचा विषय. मला त्यातलं निम्मं कळत नाही, तरी ऐकते.

परवा सकाळी सांडोर गावच्या रस्त्याला धावत होते. कानात तिचं नवं भाषण. ते संपलं, एका प्राध्यापकांनी प्रश्न विचारला आणि मेघा एकदम गप्पच झाली. हे रेकॉर्डिंग आहे हे विसरून मी रस्त्यातच ओरडले, "अगं, बोल ना!"

वाडीत केळींना पाणी देणाऱ्या मावशी दचकल्या. "मी? काय बोलू?"

"तुम्ही नाही हो. माझी मुलगी अडकलीये." मी भाषण थांबवून सगळं सांगितलं.

मावशींनी हातातला पाइप टाकला, हात पुसले आणि कुंपणाशी आल्या. "लाव परत."

एक इयरफोन त्यांना दिला, भाषण जरा मागे घेतलं. दोघी श्वास रोखून उभ्या. शेवटी मेघा इंग्रजीत बोलली.

"काय म्हनाली?"

"म्हणाली, याचं उत्तर मला अजून माहीत नाही." मी जरा ओशाळलेच.

"पन घाबरली नाय हां पोर," मावशी म्हणाल्या. मग इयरफोन परत देताना हळूच विचारलं, "तिकडं जेवली असंल का गं ती?"

मी तिथूनच फोन लावला. मेघा घाबरून म्हणाली, "आई, काय झालं?"

"काही नाही गं. सांडोरच्या एक मावशी विचारतायत, जेवलीस का?"