सुजल्या ओठांचं नाव

पुढं मी पगारावर क्रिकेट खेळलो ते सगळ्यांना माहीत आहे, पण टीममध्ये कसा शिरलो ते ऐका.

गुलबर्ग्याला निवडीचा सामना होता. निघताना अप्पांनी बजावलं होतं, "औंदा निवडलं न्हाई तर बॅट ठेवायची अन् शेतात यायचं."

सलामीला उतरलो आणि दुसराच चेंडू उसळून ओठांवर बसला. शर्ट रक्तानं भिजला. अंपायर म्हणाले, "दवाखान्यात जा."

"आता बाहेर गेलो तर परत कोण बोलवायलंय मला?" म्हणालो, आणि चहापर्यंत खेळलो.

मग निवड करणारे कानडी साहेब आले. "नाव काय?" तोवर ओठ इतके सुजले होते की मिटेनात. 'माणिक' म्हणायला गेलो, तर निघालं 'आणिक'.

संध्याकाळी साहेबांनी टीम सांगितली. शेवटी म्हणाले, "आणिक!" सगळे हसले. मी ताडकन उभा राहिलो.

शेजारच्या हुमनाबादच्या पोरानं माझा दंड धरला. "अरे, तू माणिक हायस न्हवं? सांग की साहेबांना!"

"राहू दे रे," मी कसाबसा बोललो. "आधी आत तर जातो, नावाचं नंतर सांगू."