अंतरपाटाआडची बांगडी

मंडळी, सावरून बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनाशी तयार ठेवा. आवाज नीट ऐकू येईना, तर माणसानं आधी काय बदलावं? तुमच्या मंडळानं यंदा माझ्या कीर्तनासाठी दोन नवे स्पीकर आणलेत. मघाशी एक गृहस्थ म्हणाले, "बुवा, आवाज सुधारला की तुमचा!" अहो, गळा तोच आहे, गेल्या वर्षी बसला होता तोच! — हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

तर ऐका. मिरजेला नीळकंठराव उमराणी म्हणून गृहस्थ, निवृत्त पोस्टमास्तर. घरात सगळे अण्णा म्हणतात. गाणी ऐकायचा भारी नाद! त्यांच्या पत्नी इंदूताई पेटी वाजवून सुरेख गायच्या. एका वर्षी गौरी जेवल्या, त्या दुपारी भाच्यानं घरातच त्यांचं एक पद रेकॉर्ड केलं. पुढच्या गौरींना इंदूताई नव्हत्या. मागं उरली एक सीडी.

त्या सीडीत पद सुरू व्हायच्या आधी काय आहे? इंदूताई पेटीचा भाता ओढतात, आणि हातातली काचेची बांगडी लाकडावर वाजते — टिक्! मग एक श्वास. मग गाणं. अण्णा रोज दुपारी लावायचे. गाणं नंतर हो, त्यांना ती टिक् हवी असायची. तेवढ्यानं बाई घरात आहे असं वाटायचं.

आणि एक दिवस टिक् आलीच नाही.

अण्णांनी सीडी काढून पुसली. पुन्हा लावली — नाही! सीडी झिजली की काय? आज बांगडी गेली, उद्या श्वास जाईल, परवा शब्द... म्हणजे ही पुन्हा एकदा मरणार? आणि माझ्यासमोर, थोडी थोडी? मंडळी, ही भीती माणसानं सांगायची कुणाला?

अण्णांनी दुकानदाराला सांगितली. तो म्हणाला, "अण्णा, दोष तुमच्या यंत्रात. हा भारीतला प्लेयर न्या, आवाजावरचा पडदाच दूर होतो." आणला. चार दिवस वाटलं, आली बांगडी! मन फार लबाड असतं हो. पाचव्या दिवशी पुन्हा नाही. मग त्याहून भारी आणला. आणि सीडी? ती देवघरात! झिजू नये म्हणून फक्त गुरुवारी, आंघोळ करून लावायची. बाकीचे सहा दिवस नुसतं भ्यायचं. एका गुरुवारी श्वासही ऐकू आला नाही.

सून शर्वरी हे सगळं बघत होती. तिनं काय केलं? या घरात लग्नातला अंतरपाट जपून ठेवायची रीत. ज्याच्या आड अण्णा आणि इंदूताई बोहल्यावर उभे होते, तोच अंतरपाट तिनं दोन खुर्च्यांना बांधला. मागं दोन प्लेयर ठेवले — एक अण्णांचा भारीतला, एक स्वयंपाकघरातला जुनाट, फोडणीचा वास येणारा. स्पीकर तेच. सीडी तीच.

"अण्णा, दोनदा लावते. नवा कुठला ते ओळखा."

पहिल्यांदा वाजलं. दुसऱ्यांदा वाजलं. अण्णा ताडकन म्हणाले, "दुसरा! केवढा स्वच्छ!"

"अण्णा, तो स्वयंपाकघरातला."

अण्णा ओशाळले. "असेल. पण बांगडी काही वाजली नाही."

शर्वरीनं प्लेयर बंद केला. मग अगदी जवळ येऊन म्हणाली, "दोन्ही वेळा वाजली, अण्णा. श्वासही आला. रोजच येतो."

अण्णांचा हात हळूहळू कानाकडे गेला. सीडी धड होती, यंत्रं धड होती! आता भीती कुठल्या दुकानात नेणार?

मी त्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा अण्णांनी मला सगळं सांगितलं. म्हणाले, "बुवा, कान जातायत त्याचं फार नाही. मला दुसरंच छळतं. कान चांगले होते तेव्हाची गोष्ट. मी असाच गाणं ऐकत बसलो होतो. ही आतून म्हणाली, 'अहो, जरा येता का?' मी हात वर केला, थांब म्हणून. तिनं पुन्हा हाक मारली. मी आवाज वाढवला. गाणं संपल्यावर गेलो, तर म्हणाली, 'राहू द्या आता.' तिला काय सांगायचं होतं, बुवा?"

 कीर्तनात मी इतका बोलतो, तिथं नुसता भात कालवत बसलो.

मंडळी, आता तुमचं उत्तर काढा. काय बदलाल? यंत्र? अहो, जे तेव्हा ऐकलंच नाही, ते कुठल्या सीडीवर सापडणार? आणि कान काय, ते एक दिवस सगळ्यांचेच जाणार, माझेही. मला त्याची भीती वाटते, तुम्हालाही वाटू द्या. आता देवाचं नाव घेऊन घरी जा. आतून कुणी "अहो, जरा येता का?" म्हटलं, तर हात वर करू नका. उठा, आणि जा.