मालकाला शून्य

अहो, मालकालाच आपली फाईल उघडता येत नाही, असं कधी पाहिलंयत? मी पाहिलंय. पनवेलला कॉम्प्युटर क्लास घ्यायचो तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आलेले मुश्ताकभाई लिनक्स शिकायला यायचे. मी फाईलच्या परवानगीचे तीन आकडे शिकवत होतो: पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी जगाचा. सात म्हणजे सगळं खुलं, शून्य म्हणजे बंद. त्यांनी सात शून्य शून्यच्या जागी शून्य सात सात दिलं. फाईल त्यांना उघडेना, माझ्या लॉगिनमधून मात्र पटकन उघडली.

"सर, मालक मीच ना? मग मलाच मनाई?"

मलाही नवल वाटलं. शोधून सांगितलं, "मशीन मालकाला ओळखतं, त्याचं शून्य बघतं आणि पुढचे आकडे वाचतच नाही."

"म्हणजे मी परका असतो तर आत गेलो असतो?"

"हो की!"

ते हसत सुटले. "इथं जवळच नेऱ्याला घर बांधलंय मी. भाऊ राहतो, मेहुणे राहतात, पाहुणे उतरतात. मी कुवेतला एका खोलीत सहा जणांबरोबर!"

"एका ओळीत बदलता येतं," मी म्हटलं.

"फाईलचं बदला, सर. घराचं राहू द्या."