दोन्ही बटणे दाबण्याआधी

नाव तेजल मंगळू गावित, वय २४ वर्षे, व्यवसाय खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासण्याची नोकरी, सध्या राहणार पंचवटी, नाशिक, ज्योत्स्ना राजू पगारे यांच्या घरी भाड्याने. मूळ राहणार तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी दोन वर्षांपासून राहते. घरमालकीण ज्योत्स्नाताई यांचे पती राजूभाऊ ओझर येथे नोकरीस होते. ते मागील वर्षी वारले. त्यांनी बिटकॉइन घेऊन ठेवले होते. ते एका हार्डवेअर वॉलेटवर आहेत. हे यंत्र पेन ड्राइव्हएवढे असून त्याला छोटा पडदा व दोन बटणे आहेत. ते कॉम्प्युटरला जोडल्यावर कॉम्प्युटरवरील सॉफ्टवेअर पैसे पाठवण्याची मागणी तयार करते, परंतु परवानगी यंत्रच देते. दोन्ही बटणे एकत्र दाबली की परवानगी झाली. नंतर ती मागे घेता येत नाही.

ताईंची मुलगी उज्वला हिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ताईंना त्यातील काही भाग विकायचा होता. याशिवाय राजूभाऊंनी मागे काही ठेवलेले नाही, हे ताईंनी मला सांगितले होते. एका जाहिरातीवरून त्यांनी लखन नावाच्या इसमास बोलावले. तो स्वतःस कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणवतो. बिटकॉइन विकण्यासाठी आधी ज्या खात्यात पाठवायचे, त्या ताईंच्याच खात्याचा पत्ता त्याने आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागून घेतला. पत्ता म्हणजे अक्षरे व आकडे यांची एक लांब ओळ असते.

रविवारी सकाळी तो आला. मला सुट्टी होती. ताई म्हणाल्या, "तेजल, तू बस गं जवळ. मला यातलं ओ की ठो कळत नाही." मलाही फारसे कळत नव्हते, म्हणून यंत्राच्या डब्यातील माहितीपत्रक मी आधी वाचून घेतले होते.

लखन याने वॉलेटचे सॉफ्टवेअर स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून ताईंच्या लॅपटॉपवर टाकले. कंपनीच्या वेबसाइटवरून का घेत नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुमचं नेट बैलगाडी आहे, मॅडम. संध्याकाळ होईल." यंत्र वायरने जोडले. ताईंनी पिन टाकला. लॅपटॉपवर राजूभाऊंनी ठेवलेली शिल्लक दिसली. मग लखन याने खात्याचा पत्ता टाकला. लॅपटॉपवरील पत्ता ताईंच्या मोबाइलमधील पत्त्याशी जुळत होता. यंत्राच्या पडद्यावरही पत्ता आला. तो म्हणाला, "आता दोन्ही बटणं दाबा."

येथे मला एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या पाड्यावर कोणत्याही कागदावर अंगठा उठवण्याआधी तो कागद आपल्या माणसाकडून पूर्ण वाचून घेण्याची रीत आहे. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे चौथीपासून हे काम माझ्याकडे आहे. मधले काही सोडायचे नाही. वाचत असताना समोरच्याने घाई केली, तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायचे. हा नियम माझ्या वडिलांचा आहे.

मी ताईंना मोबाइलमधील पत्त्यावर बोट ठेवण्यास सांगितले व यंत्रावरील पत्ता एकेक अक्षर वाचू लागले. लखन म्हणाला, "पहिली चार आणि शेवटची चार बघा की. सगळं जग तेवढंच बघतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

तो म्हणाला, "मला अजून दोन ठिकाणी जायचंय. तुम्ही घरच्या आहात का?"

मी म्हणाले, "भाडेकरू आहे." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

चूक माझीच निघाली तर ताई काय म्हणतील, असे सारखे वाटत होते. सुरुवातीची चार अक्षरे जुळली. पाचव्या अक्षराला ताईंचे बोट थांबले. त्या म्हणाल्या, "हे नाहीये इथं." त्यापुढचे एकही जुळेना. शेवटची चार मात्र बरोबर होती. तशीच सुरुवात व शेवट असलेला दुसरा पत्ता तयार ठेवण्यासाठीच त्याने ताईंचा पत्ता आदल्या दिवशी मागून घेतला होता, हे तेव्हा लक्षात आले. लॅपटॉप ताईंचा पत्ता दाखवत होता आणि यंत्राकडे परवानगी दुसऱ्याच पत्त्यासाठी मागत होता.

लखन याने यंत्राकडे हात नेला. मी वायर उपसून यंत्र मुठीत घेतले. तो लॅपटॉपचा पेन ड्राइव्ह काढू लागला, तेव्हा ताईंनी लॅपटॉप पेन ड्राइव्हसह उचलून छातीशी धरला. तो जिन्याकडे पळाला. खाली झुंबरकाका भाजीची हातगाडी जिन्याच्या तोंडाशी लावत होते. ताईंनी खिडकीतून सांगितले, "काका, गाडी हलवू नका." लखन बाजूला होण्यास सांगत होता. काका म्हणाले, "थांब रे बाबा, कांदे सांडतील." मी पोलिसांना फोन केला व ते येईपर्यंत काकांनी गाडी हलवली नाही. कांदे सांडले नाहीत.

आज ठाण्यात पंचांसमक्ष दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या वेबसाइटवरून सॉफ्टवेअर घेण्यात आले. यंत्र जोडले. ताईंनी पिन टाकला. राजूभाऊंनी ठेवले होते तेवढे सर्व जागेवर आहे. किती ते जबाबात लिहू नये, अशी ताईंची विनंती आहे. त्यांनी तिथूनच उज्वलाला फोन करून सांगितले, "कपडे भर. कॉलेजला जायचंय."

मला ठाण्यात बोलावल्याचे कळल्यावर माझे वडील सकाळच्या एसटीने आले. बाहेरच्या बाकावर त्यांनी विचारले, "पोलिसात बोलावलं म्हंजी काय केलं तू?"

मी म्हणाले, "काय नाय केलं. वाचलं फक्त."

"समदं?"

"समदं."

त्यानंतर त्यांनी ठाण्यातला चहा घेतला. आधी दोनदा नको म्हणाले होते. हवालदार सायली मॅडम म्हणाल्या की चहाचे जबाबात लिहिण्याची गरज नाही. पण घडले ते असे आहे.

हा जबाब सायली मॅडम यांनी मला वाचून दाखवला. शेवटी त्या भराभर वाचू लागल्या, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचण्याची विनंती केली. त्या हसल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. लखन याने एक बटण दाबले, असे चुकून टाइप झाले होते. बटण कोणीही दाबले नाही. ते खोडून दुरुस्त केले असून तेथे माझी सही आहे. वडिलांनीही शेजारी बसून सर्व ऐकले. ते म्हणाले, "आता कर सही."

मी सांगितल्याप्रमाणेच लिहिलेले आहे, खरे आहे, म्हणून सही केली.

तेजल मंगळू गावित