शेडमध्ये अर्धं मिनिट आधी

...आणि वर म्हणे मी खिडकीतून डोकावले म्हणून चेंडू खांबाला लागला! मी! अहो, खिडकी मेलबर्नला, खांब ब्रिस्बेनला, मधे दीड हजार किलोमीटर, आणि माझं नाक काचेला टेकलं रे टेकलं की तिकडे चेंडू वाकडा गेला, असं आमच्या आजीचं ठाम मत आहे. ठाम म्हणजे काय, तिने शपथ घेऊन सांगितलंय. माझी काही तक्रार नाही हं. मी आपलं फक्त सांगते.

पण हे तुम्हाला असं मधूनच कळायचं नाही, खिम्याच्या पाईपासून सांगायला हवं.

तर नन्नू. नन्नू म्हणजे माझे आजोबा, सालवू मिकालेफ, माल्टाहून बोटीने आले तेव्हा जवळ एक ट्रंक आणि एक चेंडू, असं ते सांगतात. आजी म्हणते ट्रंक तिच्या दिराची होती. ते असो. १९९७ साली नन्नू मेलबर्नच्या त्या मोठ्या मैदानावर मॅच बघायला गेले. समोर इराण. जिंकलो की फ्रान्समधला वर्ल्डकप! दोन गोल आपले, त्यांचे शून्य. मग एक वेडा मैदानात घुसला आणि गोलचं जाळंच ओढून गेला, ते बांधेपर्यंत सगळे रिकामे बसलेले, आणि नन्नू उठून शेजाऱ्याला म्हणाले, "बॅग भरा हो, फ्रान्सला जायचंय!" आणि गेले पाई आणायला. रांग मोठी. सॉसची बाटली तुंबलेली, ती त्यांनी स्वतः थोपटून मोकळी केली. चार गरम पाई छातीशी धरून परत आले तर काय... दोन-दोन! आणि परक्या मैदानावर त्यांचे गोल जास्त, तेवढ्यावर आपण घरी! आता मला सांगा, जाळं ओढणारा वेडा राहिला बाजूला, ज्यांनी गोल खाल्ले ते राहिले बाजूला, दोष कुणाचा? नन्नूंचा. कारण आजी म्हणाली, "या माणसाला आधीच आनंद होतो. केक फुगतोय का बघायला ओव्हन उघडणारा माणूस आहे हा! याची नजर पडली की बसलंच समजा."

त्या दिवसापासून आपला देश खेळायला उतरला की नन्नू परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. अर्धी शेड कोंबड्यांची, अर्धी त्यांच्या हत्यारांची. २००५ साली ते तिथे मुकाट्याने बसले आणि आपण पेनल्टीवर जिंकलो, बत्तीस वर्षांनी वर्ल्डकपला गेलो! झालं. सिद्धच झालं की! त्यानंतर कुणाची बोलायची हिंमत?

पण माणूस एकटा कसा सोडायचा? डोकावला तर? म्हणून सोबत एक राखणदार. आधी माझा मोठा चुलतभाऊ बसायचा, तो लग्न होऊन पर्थला गेला, आणि आजीने घरभर नजर फिरवली... मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि फारसं बोलत नव्हते. न बोलणाऱ्या माणसाला घरात पहिलं काम मिळतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तेव्हापासून मी आपल्या देशाची एकही मॅच चालू असताना पाहिलेली नाही. एकही! दुसऱ्या दिवशी दाखवतात ती बघते, पण ते म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवण्यासारखं. आणि मी गोलकीपर आहे हो! आमच्या क्लबची, चौदा वर्षांखालची! माझी तक्रार नाही.

क्लबचं तरी काय सांगू... मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी, तिच्यावर पडलं की गुडघा सोलतो. मुलांना कपडे बदलायला खोली आहे, आम्हाला चुन्याच्या रेषा आखायच्या यंत्राजवळची जागा, त्यामुळे आमच्या संघाचे मोजे कायम पांढरे. शाळेत मोठं मैदान लंबुळ्या चेंडूवाल्यांना, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाल्यांना, गोल चेंडूवाल्यांना कचऱ्याच्या डब्यांपलीकडचा तुकडा. आणि आमचे शेनकाका! आत्याचा नवरा. बारा महिने तेरा काळ त्या लंबुळ्या चेंडूचे भक्त. दर नाताळात मला विचारणार, "काय गं मार्थीज, अजून तोच खेळ? दीड तास पळायचं आणि एक गोल? आमच्याकडे तेवढ्यात शंभर पॉइंट होतात!" हेच शेनकाका, २०२३ साली मुलींचा वर्ल्डकप आपल्या देशात आला, आपल्या मुली जिंकत सुटल्या, की पिवळा मफलर गळ्यात, गालाला हिरवा रंग आणि सोफ्याच्या मधोमध! "चल गं पोरी, चल!" असं टीव्हीला ओरडतात. त्या सोफ्यावर मला कधी जागा मिळाली नाही, शेनकाकांना मिळाली. माझी तक्रार नाही, पण आहे ते आहे.

बरं, आता एक गुपित. कुणाला सांगू नका. शेडमध्ये आल्यावर पहिल्या दिवशी नन्नूंनी दार लावलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग त्या कायम खुडूक बसणाऱ्या पोलिना कोंबडीखाली हात घातला आणि पेंढ्यातून काय काढलं? रेडिओ! तळहाताएवढा, मागे सेंट पॉलचं चित्र चिकटवलेला. मी म्हटलं, "नन्नू! आजीने तर..." तर म्हणाले, "आजीने बघू नको म्हटलंय. ऐकणं म्हणजे बघणं नव्हे. मी फादरना विचारून घेतलंय." इतकी वर्षं! पोलिनाच्या आधी तिची आई, तिच्या आधी तिची आजी, सगळ्यांनी तो रेडिओ उबवला! आणि त्याची बॅटरी म्हणे कधीच संपत नाही. "सेंट पॉलची कृपा," नन्नू म्हणतात आणि चित्राला हात लावतात.

आता गंमत ऐका. शेनकाकांनी तो मोठा टीव्ही आणला, इंटरनेटवरचा, तेव्हापासून घरात सगळं अर्धं मिनिट उशिरा दिसतं. रेडिओ आपला वेळच्या वेळी! म्हणजे गोल झाला की आम्ही शेडमध्ये आधी गळ्यात पडायचं, गप बसायचं, पेंढा झटकायचा, आणि मग घरात कल्लोळ उठायचा, आजी खिडकी उघडून ओरडायची, "सालवू! गोल!" आणि नन्नू छातीवर हात ठेवून म्हणायचे, "हो? खरंच? कुणाचा गं?" इतका वाईट अभिनय मी शाळेच्या नाटकातसुद्धा पाहिला नाही.

तर ती ब्रिस्बेनमधली फ्रान्सविरुद्धची मॅच. उपांत्यपूर्व. ऑगस्टचा, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातला गारठा, पत्रा बर्फासारखा, आम्ही दोघं एका घोंगडीत, मांडीवर आजीने दिलेली पास्तित्सी, म्हणजे माल्टाची पापुद्र्यांची करंजी, आतलं चीज जीभ भाजेल इतकं गरम. दोन तास झाले, गोल नाही. नन्नू म्हणाले, "पेनल्टी." आणि मी चावायची थांबले. एक आमची अडली, एक त्यांची अडली, त्यांची पाचवी खांबाला लागली... आणि रेडिओवरचा माणूस किंचाळला की आता ही मारली तर जिंकलो, आणि मारायला कोण येतंय? गोलकीपर! स्वतः गोलकीपर!

तुम्हाला कळतंय का? मी आमच्या कोचना तीन वर्षं विचारतेय, "सर, एक पेनल्टी मारू का?" आणि तीन वर्षं तेच उत्तर, "गोलकीपरने आपली जागा सोडायची नाही." आणि इथे अख्ख्या देशाची गोलकीपर जागा सोडून निघाली होती! मी घोंगडीची कड दातात धरली. नन्नूंनी रेडिओ कानाला लावला. आणि... खांब.

खांब हो! नन्नूंनी डोळे मिटले. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर घरात हे अजून झालेलं नाही. घरात अजून अर्धं मिनिट आहे! मी उठले, पास्तित्सी पोलिनापुढे पडली, धावत स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि काचेला नाक लावलं. ती समोर होती. हातमोजे घातलेली, चेंडू ठेवत होती, उचलून पुन्हा ठेवत होती. तिला अजून माहीत नव्हतं. शेनकाकांना माहीत नव्हतं, त्यांनी तोंडात मफलर कोंबला होता. आजीला माहीत नव्हतं, ती जपमाळ ओढत होती. सगळ्या घरात फक्त मला माहीत होतं... आणि तरी, देवाशपथ सांगते, तरी मला वाटलं, या वेळी जाईल आत.

गेला नाही. खांबच. आणि आजीने मान वळवली.

"मार्थीज!!!"

खिडकी उघडली, सगळे उठले, शेनकाका बोट नाचवत म्हणाले, "बघा! म्हातारा तिकडे शेडमध्ये, आणि चेंडू खांबाला! म्हणजे पनवती ते नव्हेतच, ही पोरगी आहे!" आजी म्हणाली, "तू पाहिलंस? खरं सांग, तू पाहिलंस म्हणून लागला ना?" आता माझ्याकडे साधं उत्तर होतं. आजी, मी पाहायच्या आधीच तो लागला होता! पण पुढचा प्रश्न काय आला असता? तुला कसं माहीत? मी मागे पाहिलं. शेडच्या दारात नन्नू उभे, स्वेटरला पेंढा, रेडिओचा खिसा हाताने झाकलेला, आणि चेहरा असा की जणू परत चार पाई घेऊन उभे आहेत आणि स्कोअर दोन-दोन.

मी म्हटलं, "हो आजी. मी पाहिलं."

निकाल जागेवर! "सालवू, तू आत ये! लवकर, पुढची मारतायत! आणि तू तिकडे!" दारात आम्ही एकमेकांना ओलांडलं. त्यांनी रेडिओ माझ्या हातात सरकवला. सव्वीस वर्षांनी माणूस सोफ्यावर बसला हो! शेनकाकांनी मधली जागा दिली.

आणि मी, पोलिना आणि सेंट पॉल. आमच्या गोलकीपरने एक अडवली, पंच म्हणे परत मारा, तिने परत अडवली! मग आमची अडली, मग त्यांची खांबाला, आणि मग... आत. आत! मी ओरडले नाही. रेडिओ पेंढ्यात ठेवला आणि आकडे मोजत बसले. अठ्ठावीस, एकोणतीस... आणि घर दणाणलं! भांडी, शिट्ट्या, शेनकाका, आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज, जो मी त्या घरातून कधी ऐकला नव्हता. नन्नूंचा. मग ते स्वतः धावत आले, एका पायात चप्पल, डोळे वाहत होते, "मार्थीज! जिंकलो! आपल्या पोरी जिंकल्या!"

मी छातीवर हात ठेवला. "हो? खरंच? कुणी मारला हो?"

पुढची मॅच आम्ही हरलो. नन्नू सोफ्यावर, मी शेडमध्ये, आणि तीन-एक. आजी दोन दिवस विचार करत होती. निकाल काय? दोघंही शेडमध्ये! आता तिथे दोन खुर्च्या आहेत, माझ्या खुर्चीवर उशी. क्लबात बासष्ट नव्या मुलींनी नाव घातलंय, मोजे सगळ्यांचे पांढरे, शेनकाका आमचे मदतनीस कोच झालेत आणि ऑफसाइड मला विचारतात. कोचनी परवा मला एक पेनल्टी मारू दिली. खांब! पण मारू दिली.

आणि काल सकाळी मी अंडी आणायला शेडमध्ये गेले तर आजी आधीच तिथे. पाठमोरी. पोलिना एका काखेत, रेडिओ दुसऱ्या हातात, आणि दातात नवी बॅटरी. मी उभीच राहिले. तिने बॅटरी बसवली, झाकण लावलं, सेंट पॉलचं चित्र पदराने पुसावं तसं अॅप्रनने पुसलं, कोंबडी परत वर ठेवली आणि मग म्हणाली, "तोंड मीट."

"आजी! तुला माहीत होतं? आधीपासून?"

"सत्याण्णवपासून. त्यांना सांगू नकोस, त्यांना मजा येते."

"मग मला कशाला बसवलंस गं तिथे?"

"हरल्यावर एकटे फार रडतात."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! म्हणजे पनवती वगैरे काही नाहीच! मी म्हटलं, "मग आजी, तो खांब... तो काही माझ्यामुळे नव्हता ना?"

आजीने अंड्यांची टोपली उचलली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाही गं, तो तुझ्यामुळेच."